नसलेल्या गाठीचा नवस

हिरामणच्या आरोहीचं लग्न चांदवडला झालं, ते साल दोन हजार चोवीस. चैत्रातलं लग्न, ऊन डोक्यावर, आणि नवरदेव घोड्यावरून उतरला तेव्हा निम्म्या बायकांचं लक्ष त्याच्या केसांकडे होतं. साखरपुड्याला त्याचं कपाळ पार टाळूपर्यंत गेलेलं होतं. आता वर्षभरानं तिथं काळेभोर केस. नाशिकला कॉलेज रोडच्या दवाखान्यात जाऊन त्यानं ते लावून घेतले होते. मागचे उपटायचे आणि पुढे खोचायचे.

"म्हणजे कांद्याची लागण," निवृत्तीआबा म्हणाले. "रोप मात्र झकास धरलंय."

सगळा मांडव हसला, नवरदेवसुद्धा हसला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट हिरामणच्या बायकोनं त्या दवाखान्याचा पत्ता चार जणींना समजावून सांगितला.

आबा म्हणजे सरिताचे सासरे. ऐंशी पूर्ण झालेले, पण पाठ ताठ. सगळा जन्म चांदवडच्या रानात कांद्यात गेला. म्हातारी गेल्यावर शेती थोरल्या हिरामणकडे ठेवून ते धाकट्या दीपककडे एकलहऱ्याला राहायला आले. दीपक तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. दीपक आणि सरिता यांचं लेकरू एकच, तेजस्विनी. वय पंचवीस, विंचूरच्या वाइन पार्कात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. घरात सगळे तेजू म्हणायचे.

आरोहीची करवली तेजूच व्हायची, हे हिरामणच्या बायकोनं परस्पर ठरवून टाकलं होतं. नऊवारी आणली, नथ आणली. सरितानं हातापाया पडून तेजूला ती साडी नेसवली. एक फोटो झाला. अक्षता पडल्या, आणि करवली गायब.

सरितानं शोधशोध शोधलं. शेवटी लग्नाच्या लॉन्सच्या मागे, उन्हात उभ्या गाडीत तेजू सापडली. काचा बंद, अंगात जीन्स आणि सैल शर्ट, साडीचा बोळा मागच्या सीटवर. दोन्ही हात छातीवर घट्ट आवळलेले आणि चेहरा घामानं डबडबलेला.

"अगं मरशील इथं गुदमरून!"

"आई, बस झालं आता," तेजू म्हणाली. "मी तारीख घेतली आहे."

कसली तारीख ते सरिताला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी तेजूनं आईबापाला समोर बसवून सांगितलं होतं, की मी मुलगी नाही, मुलगा आहे, लहानपणापासून आहे. दीपकनं ऐकून घेतलं आणि ड्युटीला निघून गेला. सरितानं ऐकून घेतलं आणि त्याचा डबा भरला. त्यानंतर त्या घरात तो विषय पाहुण्यासारखा राहिला. आहे हे सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणी नाही. तेजू मात्र थांबला नव्हता. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे तो दर महिन्याला जात होता, आणि आता त्यांचं पत्र घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. श्रावणात ऑपरेशन. छातीचं.

त्या दिवसापासून सरिताला एका जागी बसवेना. झाडलेलं घर ती पुन्हा झाडायची. वीज केंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते म्हणून ते झटकून घ्यायचे असतात. ती झटकलेले कपडे पुन्हा झटकायची. पोळी तव्यावर टाकून गॅलरीत यायची आणि पोळी जळायची.

"केस लावून घेतले त्यात काय गेलं कुणाचं?" एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली. "त्यानं काही तोडून नाही टाकलं. तू चांगला धडधाकट अवयव कापायला निघालीस. देवानं दिलेलं."

"निघालास," तेजू म्हणाला.

"बरं, निघालास. पण कापायलाच ना?"

"लताकाकूंनी पस्तिसाव्या वर्षी पिशवी काढून टाकली. डॉक्टर म्हणाला काढा, काढली. तेव्हा त्यांना कुणी देवाचं विचारलं?"

"तिला त्रास होता."

"आणि मला काय आहे असं वाटतं तुला? हौस?"

सरितानं कढई जोरात घासली. लताबाई खालच्या मजल्यावर राहायची. पिशवी काढल्यापासून तिची कंबर गेलेली, हाडं दुखायची, जिना चढताना दर पायरीला ती "आई गं" म्हणायची. सरिताला तेच दिसायचं. डॉक्टर काढून टाकतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात; जिना आपल्याला चढायचा असतो.

एक दिवस तिनं तेजूला सांगितलं, "मला त्या ऑपरेशनच्या डॉक्टरला भेटव. मला तोंडावर विचारायचंय."

डॉक्टर चाळिशीची बाई होती, केस पिकायला लागलेले, बोलणं सावकाश. सरितानं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "चांगलं अंग कापायचं पाप तुम्हाला लागत नाही का हो मॅडम?"

तेजूनं मान खाली घातली. डॉक्टर रागावली नाही.

"हा प्रश्न मी स्वतःला पण विचारते," ती म्हणाली. "म्हणून कोणी आला की लगेच कापत नाही. काही जणांना मी परत पाठवलंय. तुमच्या तेजसला पण पहिल्यांदा परत पाठवलं होतं, सांगितलं नाही त्यानं?"

तेजस. ते नाव परक्या बाईच्या तोंडून ऐकून सरिता खुर्चीत बसली.

"आणि नंतर कुणाला पस्तावा झाला तर?"

"होतो काहींना. फार थोड्यांना, पण होतो. खोटं नाही सांगणार. आणि गेलेलं परत येत नाही, तेही त्याला सांगितलंय. पण ताई, जे थांबले त्यांचं काय झालं तेही मी बघितलंय."

काय झालं, ते डॉक्टरनं सांगितलं नाही आणि सरितानं विचारलं नाही. उन्हात बंद काचांची गाडी तिच्या डोळ्यांसमोर आली. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "सोबत एक माणूस लागतं म्हणाले ना? मी येईन. पटलं म्हणून नाही. एकटा कसा जाशील?"

तेजूनं तिचा हात धरला. मग म्हणाला, "आबांना मी सांगतो. ऑपरेशनच्या आधी."

"खबरदार!" सरिता एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "म्हातारं माणूस ते. त्यांच्या जिवाला सोसायचं नाही. त्यांना काही झालं तर मी चांदवडला काय तोंड दाखवू?"

"लहानपणीची प्रत्येक सुट्टी मी त्यांच्याजवळ काढलीय, आई. मी त्यांच्यापासूनच लपवू?"

"माझी शपथ आहे तुला."

तेजूनं तिचा हात सोडला. त्याला शपथ मोडता येत नाही, हे सरिताला माहीत होतं.

श्रावणात ऑपरेशन झालं. आबांना सांगितलं, की तेजू कंपनीच्या ट्रेनिंगला गेली आहे. दीपक वर वॉर्डात आलाच नाही. दवाखान्याच्या फाटकापाशी मोटारसायकलला टेकून तो दिवसभर उभा राहिला, आणि सरितानं खाली येऊन "झालं, शुद्धीवर आहे," म्हटल्यावर चहा न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सरिता खालच्या मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला उतरली, तर समोर लताबाई. कंबरेचा फोटो काढायला आलेली.

"अगं बाई, सरिता! तू इथं कशी? कोण आहे ॲडमिट?"

"तेजू."

"तेजू? ती तर ट्रेनिंगला गेली ना? काय झालं पोरीला?"

सरिताच्या हातात पिशवी, पिशवीत पट्ट्या आणि मलम. मागे माणसांची रांग. तिच्या तोंडातून निघून गेलं, "छातीत गाठ होती. काढली."

लताबाईनं तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. "अगं माझ्या राणी! एवढंसं लेकरू! आणि मला एका शब्दानं नाही बोललीस?"

सरिताला बरं वाटलं, हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही. गाठ म्हटल्यावर कुणी विचारणार नव्हतं का कापलं. गाठ म्हटल्यावर सगळं माफ. तिला वाटलं, सुटलो.

बातमी संध्याकाळच्या आत चांदवडला पोचली, आणि हिरामणच्या फोनवरून आबांपर्यंत. तेजू घरी आला त्या दिवसापासून माणसं यायला लागली. नारळपाणी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. बायका यायच्या, तेजूच्या पलंगावर बसायच्या, पाठीवरून हात फिरवून रडायच्या. हिरामणच्या बायकोनं कुठल्याशा वैद्याचा काढा आणला. हिरामण मोबाईलवर वाचून आला होता. "पाच वर्षं परत आली नाही, तरच बरी झाली म्हणतात," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

माणसं गेली, आबा आडवे झाले, की तेजू हळूच म्हणायचा, "आई, मला कॅन्सर झाला आणि मलाच कळवलं नाहीस?"

"हसू नकोस. टाके तुटतील."

"रडू तरी किती? हर्षाली मावशी तर माझ्यासाठी स्थळं बघायचं थांबवते म्हणाली. मी म्हटलं, मावशी, कायमचंच थांबव."

सरिता हसली, पण लगेच उठून दार लोटून आली. कारण आबा हसत नव्हते. आबा पहिल्या दिवसापासून तेजूच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. खायला काय हवं, पंखा लागतो का, एवढंच विचारायचे. नातीची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाजसुद्धा करायचे नाहीत.

चौथ्या की पाचव्या दिवशी सरितानं त्यांना जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. आबांनी ताट बाजूला सारलं.

"सरिता, माझी भाजी उद्यापासून निराळी कर. मीठ घालू नको."

"का हो आबा? बीपी वाढलं का?"

"नाय. वणीच्या आईला बोललोय. पोरीची गाठ जाऊ दे, परत नको येऊ देऊ. तवर मीठ तोंडात घ्यायचं नाय."

सरितानं पळा खाली ठेवला. "तोवर म्हणजे कधीवर?"

"हिरामण म्हणतो, पाच वर्षं."

"आबा! पाच वर्षं अळणी?"

"मग काय झालं? पंच्याऐंशीव्या वर्षी खाईन की ठेचा. मला कुठं घाई हाय?"

त्या दिवसापासून सरिता रोज दोन भाज्या करायची. एक मिठाची, एक बिनमिठाची. मोठ्या कढईत मीठ टाकलं की छोट्या पातेल्याकडे बघून तिचा हात थबकायचा. आपण बोललो ते खोटं आता आपणच रोज शिजवतोय, असं तिला वाटायचं. म्हातारा एक शब्द न बोलता ते खायचा. पूर्वी भाकरीवर कांदा फोडून मीठ भुरभुरवून घेणारा माणूस, तो आता अळणी पिठल्याचे घास पाण्यानं उतरवायचा.

तिनं एकदा चोरून चिमूटभर मीठ त्यांच्या आमटीत टाकलं. आबांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.

"माझ्या तेजूच्या जिवाशी खेळतेस का गं?"

इतकं शांतपणे म्हणाले, की सरिता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

"सांग त्यांना," तेजू म्हणाला. "नाहीतर मला शपथेतून सोड, मी सांगतो."

"थोडं थांब. गणपती होऊ दे. बरी झाली, रिपोर्ट चांगला आला म्हणू."

"आणि पाच वर्षं? पाच वर्षं काय म्हणणार आहेस?"

दीपकला विचारलं तर तो म्हणाला, "तू सुरू केलंस, तूच मिटव." आणि ड्युटीचे बूट घालायला लागला. पण बूट घालता घालता थांबला, आणि आबांच्या खोलीकडे बराच वेळ बघत राहिला.

गणपतीत आबा आरतीला उभे राहिले नाहीत, बसूनच टाळ्या वाजवल्या. पाय जड झालेत म्हणाले. मग डोकं दुखतं म्हणाले. विसर्जन झालं त्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी सरिताला हाक मारली, "बया, कांद्याच्या गोण्या भरल्या का?" बयाबाई म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. सरिता धावत गेली तोवर ते मोरीच्या उंबऱ्यात कोसळले होते.

नाशिक रोडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "मीठ बंद केलंय का यांचं?"

सरितानं मान हलवली.

"कुणी सांगितलं? बीपीची जी गोळी चालू आहे, तिनं लघवीतून मीठ जातं. वरून यांनी खाणं बंद केलं. रक्तातलं मीठ पार तळाला गेलंय. अजून दोन दिवस काढले असते तर फिट आली असती." तो सरिताकडे बघत राहिला. "म्हाताऱ्या माणसाचं जेवण कोण बघतं घरात?"

"मी," सरिता म्हणाली.

आबांना सलाईन लावलं. हळूहळू चढवायचं होतं. संध्याकाळपर्यंत ते बोलायला लागले, माणसं ओळखायला लागले. तेजू विंचूरहून कामावरून थेट आला आणि उशाशी उभा राहिला. दीपकही आला. नर्स बाटलीचा वेग बघायला आली. चांगली हसरी पोर होती.

"आता कसं वाटतंय आबा? तरतरी आली ना? येणारच. मीठच चढवतोय तुम्हाला."

आबांनी बाटलीकडे बघितलं. मग हाताकडे. "यात मीठ हाय?"

"मग! मिठाचंच पाणी असतं हे."

पुढचं एवढं झटक्यात झालं, की कुणाला हात पुढे करता आला नाही. आबांनी दुसऱ्या हातानं पट्टी धरली आणि सुई ओढून काढली. चादरीवर रक्त उडालं. नर्स ओरडली. दीपकनं हात दाबून धरला.

"आबा, काय करताय!"

"मला बोललं का नाय कुणी? नवस मोडला माझा!" म्हातारा हात सोडवून घ्यायला बघत होता. "पोरीची गाठ परत येईल! सोड मला! डॉक्टरला म्हणावं, बिनमिठाचं लाव, नायतर मरू दे. माझं झालंय जगून. तिचं व्हायचंय."

डॉक्टर आला. म्हणाला, पुन्हा लावू द्या, नाहीतर मी जबाबदार नाही. आबांनी दोन्ही हात काखेत घातले. त्या हातांत अजून ताकद होती. नर्स म्हणाली, बांधावं लागेल. दीपकनं सरिताकडे बघितलं. तेजूनंही बघितलं. त्यानं तोंड उघडलं नाही, शपथ होती.

सरिता पलंगापाशी गेली. गेले काही महिने तिला एका जागी उभं राहता येत नव्हतं, ते त्या क्षणी आलं.

"आबा, गाठ नव्हती."

"काय?"

"तेजूला गाठ नव्हती. कधीच नव्हती. मी खोटं बोलले. लताबाई समोर आली आणि मी बोलून गेले. ते ऑपरेशन तेजूनं स्वतः करून घेतलं. छाती काढून टाकली. तिला..." ती अडखळली. "त्याला मुलगी म्हणून राहायचं नाही. तो मुलगा आहे म्हणतो. लहानपणापासून."

वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून उठून बसली. नर्सनं मधला पडदा ओढला.

आबांनी विचारलं, "म्हंजे कॅन्सर नाय?"

"नाही."

"परत यायचा नाय?"

"नव्हताच आबा, तर परत कुठून येईल?"

"मग मी एवढे दिवस ते अळणी पिठलं कशापायी गिळलं?"

दीपकला हसू आलं, आणि हसता हसताच त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. आबा हसले नाहीत. त्यांनी तेजूला बोटानं जवळ बोलावलं.

"दुखत व्हतं का तिथं?"

"नाही आबा."

"सुजलं व्हतं? पू व्हता?"

"नाही."

"मग धडधाकट अंग कापून टाकलंस." म्हातारा रागानं लाल झाला. "बैलाचं शिंग मोडलं तर आम्ही हळद भरत व्हतो. आणि तू आपल्या हातानं जाऊन... कशापायी? त्या आरोहीच्या नवऱ्यानं निदान लावलं तरी, तू तोडलंस!"

"आबा, तुम्हाला आठवतं," तेजू म्हणाला, "मी नववीत होतो तेव्हा उन्हाळ्यात स्वेटर घालून चांदवडला यायचो? तुम्ही सगळ्यांना सांगायचात, ह्या पोरीला थंडी वाजते."

आबांनी मान हलवली.

"थंडी वाजत नव्हती."

पडद्याआड कुणीतरी खोकलं. आबांनी तेजूच्या शर्टाकडे बघितलं. उकाड्याचे दिवस, पातळ सुती शर्ट, वरची दोन बटणं उघडी. मग त्यांनी मान दुसरीकडे केली.

"आबा, सुई लावू द्या," सरिता हात जोडून म्हणाली. "मला काय बोलायचं ते मागनं बोला."

"तुला बोलणारच हाय. थांब जरा, हिशेब लावू दे." आबांनी डोळे मिटले. "आईला मी बोललो ते गाठीसाठी. गाठच नाय. मालच आणला नाय बाजारात, तर लिलाव कसला? बोली लागूच व्हत नाय." त्यांनी काखेतला हात बाहेर काढला आणि नर्सपुढे केला. "लाव गं. आणि जास्त मिठाची असली बाटली तर ती लाव."

घरी आल्यावर आबा सरिताशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. ऑपरेशनचा राग त्यांनी तेजूवर काढला, रोज, चहाच्या वेळी, तावातावानं. पण खोट्याचा राग सरितावर होता, आणि तो मुका होता. ती ताट वाढायची, ते जेवायचे. ठेच्याला मीठ कमी असलं तर दीपकला सांगायचे, "तिला सांग."

एक काम मात्र त्यांनी दवाखान्यातून आल्या आल्या केलं. हिरामणला फोन लावायला सांगितला आणि मोठ्यानं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. "गाठ नव्हती. पोरानं आपल्या मर्जीनं करून घेतलं. का ते त्याला विचार. पर त्याला कॅन्सर झाला म्हणून घरात कोणी रडायचं नाय. जित्या माणसाच्या नावानं खोटं रडू नये."

त्यानंतर हिरामण यायचा बंद झाला. चांदवडच्या भावकीत काय काय बोलणं झालं, ते अर्धं कळलं आणि अर्धं न कळलेलं बरं. सरिताची बहीण हर्षाली हिनं, काही घडलंच नाही अशा थाटात, तेजूसाठी स्थळं बघायचं पुन्हा सुरू केलं. लताबाई जिन्यात भेटली की सरिताकडे न बघता "आई गं" म्हणत पुढे जायची. एकदा थांबली आणि म्हणाली, "मी तुझ्या घरासाठी उपास धरला होता, सरिता." सरिताला तेव्हा जिन्यातच बसावंसं वाटलं. आरोहीचा तेवढा फोन आला. ती तेजूशी बोलली, तासभर, दार लावून.

तेजूनं हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. त्याचा आवाज आधी बसल्यासारखा झाला, मग खालच्या पट्टीत उतरला. सकाळी तो हाक मारायचा तेव्हा सरिता अजून दचकायची. आपण केलं ते बरोबर की चूक, हे तिला ठरवता येत नव्हतं. कधी वाटायचं, वेळेवर उभे राहिलो. कधी वाटायचं, थोडं अडवायला हवं होतं. तेजू मात्र कपडे वाळत घालताना शीळ घालायचा. पूर्वी कधी घालत नव्हता. ते ऐकूनही तिचं मन एका ठिकाणी बसायचं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी आबा उन्हात बसले होते. तेजू कामावर गेलेला. सरितानं त्यांच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला आणि उभी राहिली.

"आबा, तुम्हाला अजून नाही पटलं ना?"

तिच्याशी बोलायचं नसतं, हे आबा विसरले की त्यांनी ठरवून मोडलं, कळलं नाही.

"नाय पटलं. धडधाकट अंग हाय, ते कापू नये. मी मरेपर्यंत हेच म्हणणार."

"मग रोज त्याच्याबरोबर चहा कसे घेता?"

"चहाला पटायला कशाला पायजे?" आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तो काय मला विचारायला आला नव्हता, आन् मी पण त्याला विचारून म्हातारा झालो नाय. तू मात्र त्याच्या तोंडाला कुलूप घातलंस. त्याला मला सांगायचं व्हतं. आधी सांगितलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस जेवलो नसतो. मिठासकट जेवलो नसतो."

सरिता खाली बसली. पहिल्यांदाच कामाशिवाय बसली.

"आता त्याला नीट हाक तरी मारत जा," आबा म्हणाले. "तुझी जीभ दर खेपेला अडखळती. माझी नाय अडखळत. मी तेजूच म्हणतो. पयल्यापासून तेजूच."

"चैत्रात वणीच्या गडावर जाऊ आबा. सगळे मिळून."

"बघू. पायऱ्या नाय चढायचो मी. ती वर नेणारी ट्रॉली हाय ना, तीत बसू."

जाणं झालं नाही. थंडी सरता सरता आबांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, वयच झालंय, मिठाचा ह्याच्याशी संबंध नाही. सरितानं ते दोनदा विचारून घेतलं. तेजूनं विंचूरच्या नोकरीतून रजा काढली आणि शेवटचे दिवस तो आबांना उठवायला, बसवायला, आंघोळ घालायला घरी राहिला. दोघांचं भांडण चालूच होतं. खोलीतून कधी आबांचा आवाज यायचा, कधी त्याचा.

निवृत्ती पुंजा आहेर, राहणार चांदवड, हल्ली मुक्काम एकलहरे, मंगळवार, ११ मार्च २०२५ रोजी सकाळी आपल्या राहत्या खोलीत वारले.